छत्री किती वाजता उलटली

१२ जून

समितीकडून आज पुन्हा प्रश्न आले. अकरा. मागच्या वेळी नऊ होते. उत्तरं दिली की प्रश्न कमी व्हायला हवेत, इथे वाढतात.

लेकीने एक कोरी वही आणून दिली. "बोलत नाहीस तर निदान लिही," म्हणाली. मी म्हटलं, मी दिवसभर नोंदीच लिहितो. "त्या गॅसच्या. आता स्वतःच्या लिही." म्हणून हा खटाटोप.

हिला, लेकीच्या आईला, जाऊन आठ महिने झाले. तारीख ९ ऑक्टोबर. सगळं त्या तारखेवर अडलं आहे म्हणून ती पहिल्या पानावर लिहून ठेवतो. आमच्या प्रयोगात चारशेच्या वर माणसं आहेत आणि निबंध निघाला की सगळ्यांची नावं छापतात. माणूस गेलं तर नाव आणखी एक वर्ष राहतं, नावाशेजारी बारीक फुली आणि खाली तळटीप, 'दिवंगत'. निबंध वर्षाच्या आत नियतकालिकाकडे गेला पाहिजे. एक दिवस उशीर झाला तरी नाव गळतं. हा नियम ठरला त्या बैठकीला ही होती. तिने नियमाच्या बाजूने हात वर केला होता. "नाहीतर अर्धी यादी भुतांची होईल," म्हणाली होती. मीही हसलो होतो.

निबंध हिचा आहे. सहा वर्षांचं काम. आणि शंकासुर विचारतो आहे की तिसऱ्या आकृतीतले ठिपके पोकळ का, भरीव का नाहीत.

शंकासुर म्हणजे तपासणी समितीचे अध्यक्ष. नाव हिनेच ठेवलेलं.

१५ जून

जेवताना लेकीने विचारलं, आईने नक्की काय शोधलं ते एकदा मला नीट सांग. ती आर्किटेक्चर शिकते, तिला चित्र काढून सांगावं लागतं. कागद घेतला.

शिशाचे अणुगर्भ दोन्ही बाजूंनी आणून एकमेकांवर आपटायचे. त्या टकरीत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वितळतात आणि त्यांच्या आतले क्वार्क क्षणभर मोकळे होतात. ते क्वार्कद्रव्य. दिसत नाही, टिकत नाही. लगेच थंड होऊन त्याचे पुन्हा साधे कण होतात आणि चहूकडे उडतात. ते मोजून मागे काय होतं ते ताडायचं. असं द्रव्य होतं यावर आता फारसा वाद नाही. साध्या द्रव्याचं क्वार्कद्रव्य नेमकं कुठल्या ठिकाणी होतं, ती सीमा मात्र सापडत नाही. टकरीची ऊर्जा टप्प्याटप्प्याने बदलत जायचं आणि दर टप्प्यावर प्रोटॉन मोजायचे. प्रत्येक टकरीत संख्या थोडी कमीजास्त होते. एखाद्या टप्प्यावर ही कमीजास्ती एकदम वाढली तर सीमा जवळ आहे असं समजायचं. हिला पाचव्या टप्प्यावर असा उंचवटा दिसला.

"म्हणजे टोमॅटो भिंतीवर मारायचे आणि डाग मोजून आत बिया कशा होत्या ते सांगायचं," लेक म्हणाली.

"साधारण."

"आणि तू काय करतोस त्यात?"

मी भिंत सांभाळतो. खोलीएवढं नळकांडं आहे, त्यात वायू भरलेला असतो. कण गेला की रेघ उमटते. रेघ किती गडद यावरून तो प्रोटॉन की दुसरं काही ते कळतं. बाहेरच्या हवेचा दाब उतरला की नळकांड्यातलाही उतरतो आणि सगळ्याच रेघा गडद होतात. मग हलका कणही प्रोटॉन म्हणून मोजला जातो. म्हणून दाबाची नोंद ठेवायची आणि रेघा तेवढ्या दुरुस्त करून घ्यायच्या. एवढंच काम. एकवीस वर्षं.

२२ जून

चिमणी आली होती. हिची विद्यार्थिनी. एवढीशी आहे आणि अखंड बोलते म्हणून हिने चिमणी म्हणायला सुरुवात केली, आता सगळेच म्हणतात. निबंधातली सगळी आकडेमोड तिने केली आहे. निबंध गेल्याशिवाय तिचा प्रबंध पुढे सरकत नाही.

लॅपटॉप घेऊन हिच्या टेबलापाशी उभी राहिली. "काका, मॅडमच्या खुर्चीवर बसू?"

"नको," म्हटलं. स्टूल आणून दिलं. दोन तास ती स्टुलावर पाठ वाकवून बसली. ती गेल्यावर वाईट वाटलं, पण तोपर्यंत गेली होती.

३ जुलै

नवे तेरा प्रश्न. सातवा माझ्यासाठी. 'गेल्या वर्षी एप्रिल-मेमध्ये दाबाचा सेन्सर बंद असताना एकोणीस दिवस नोंदी हाताने केल्या गेल्या. त्यांची पडताळणी कोणी केली?'

सेन्सर बंद होता हे खरं आहे. त्याचा सुटा भाग यायला तीन आठवडे लागले. तोवर कॉरिडॉरमधला भिंतीवरचा बॅरोमीटर पाहून दर चार तासांनी वहीत आकडा लिहायचा असं ठरलं. दिवसाच्या आठ, बारा आणि चारच्या नोंदी माझ्या.

मी उत्तर लिहिलं, 'वायूविभागाने पडताळणी केली आहे. नोंदी विश्वसनीय आहेत.' सही केली. वायूविभाग म्हणजे मीच. वही काढायचीही गरज वाटली नाही. एकवीस वर्षांत माझ्या वहीत खाडाखोड नाही. आकडा चुकला तर तो खोडायचा नाही, एकच आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी नवा आकडा, वेळ, कारण, सही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो. आणि हा गृहस्थ मला विचारतो पडताळणी कोणी केली.

४ जुलै

रागाने काल झोप नीट लागली नाही. तीन महिने पाच दिवस उरले.

१९ जुलै

सकाळी पाऊस होता. लेकीने दाराआडची छत्री ओढून काढली. तिच्या काड्या उलट्या वळलेल्या आहेत.

"बाबा, ही उघडतही नाही आणि मिटतही नाही. टाकून देऊ?"

"राहू दे."

"कशाला?"

मी ती पुन्हा दाराआड ठेवली. ती टोपी घालून गेली.

ती छत्री १७ मेची आहे. गेल्या वर्षीच्या. त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये हिचं स्कॅन होतं आणि रिपोर्ट लगेच हातात दिला. बाहेर आलो तेव्हा लख्ख ऊन होतं असं आठवतं, आणि गाडीपर्यंत पोचेपर्यंत आभाळ काळं होऊन असा वारा सुटला की छत्री फटकन उलटली. दोघंही भिजलो. ही मोठ्याने हसली. दहा मिनिटांपूर्वी डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते ऐकून कोणी हसलं नसतं.

शेवटच्या दिवसांत तिच्या मनातून तो दिवस जात नव्हता. अंथरुणावर पडून मला विचारायची, "अरे, छत्री उलटली तेव्हा किती वाजले होते?" मी म्हणायचो, कशाला आठवतेस ते. दोन दिवसांनी पुन्हा तेच. "दुपार होती ना? जेवणाआधी की नंतर?" मी म्हटलं, झोप आता. तिसऱ्यांदा चिडली. "साधी वेळ विचारतेय मी." डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की औषधांनी माणूस एकाच गोष्टीत अडकून बसतो. मी पाठीवरून हात फिरवत राहिलो. वेळ मला आठवतही नव्हती. काय करायची होती तिला वेळ.

८ ऑगस्ट

आडव्या अक्षाचं नाव 'टकरीची ऊर्जा' असावं की 'ऊर्जा, प्रति जोडी' असावं यावर समितीची तीन पत्रं झाली. चिमणीने दोन्ही नावं घालून दोन आकृत्या पाठवल्या. शंकासुराने तिसरं नाव सुचवलं.

प्रयोगाच्या प्रमुखांना भेटलो. सहसा मी कोणाच्या दारात जात नाही. म्हटलं, साहेब, हा अडवणुकीचा प्रकार आहे.

"अहो, तो तसाच आहे. माझ्या निबंधाला त्याने चौदा महिने घोळवलं."

"तुम्ही जिवंत होतात."

बोलून गेलो. मग ते म्हणाले की सप्टेंबरअखेर निबंध पाठवायचाच, ते स्वतः लक्ष घालतील. दार लोटून बाहेर आलो. मला भांडता येत नाही. ही असती तर पाच मिनिटांत त्या शंकासुराला हसवून सही घेऊन आली असती. त्याच्याशी तिचं जमायचं कसं हे मला कधी कळलं नाही.

२० ऑगस्ट

आठ प्रश्न. त्यातले तीन स्वल्पविरामांबद्दल.

२ सप्टेंबर

तारीख ठरली. निबंध ३० सप्टेंबरला जाणार. प्रमुखांचं पत्र सगळ्यांना आलं. लेखकांच्या यादीचा कच्चा मसुदाही सोबत आहे. नाव पाहिलं. बारीक फुली आहे. नियमाप्रमाणे आहे सगळं.

शंकासुराची एकच मागणी उरली. हाताने लिहिलेल्या दाबाच्या वहीची पानं फोटो काढून जोडावीत. जुलैत सही करून दिलं ते पुरलं नाही. तीस वर्षं लोक क्वार्कद्रव्याच्या मागे आहेत आणि याला माझं अक्षर बघायचं आहे.

शुक्रवारी काढीन.

५ सप्टेंबर, दुपार

वही काढली. कपाटात तळाला होती. एकोणीस दिवसांची पानं, फोटो घेतले. अक्षर स्वच्छ आहे. पाचव्या टप्प्याचं काम १५ ते १८ मे असं चार दिवस चाललं. त्यातही १७ला यंत्र इतकं छान चाललं की त्या टप्प्यावरच्या निम्म्या टकरी एकट्या त्या दिवसाच्या आहेत. दाबही हलला नाही. आठला ९६८.२, बाराला ९६८.२, चारला ९६८.२. संध्याकाळी आठला दुसऱ्या माणसाने ९६४.९ लिहिलाय. असा स्थिर दिवस मिळायला नशीब लागतं.

उद्या फोटो पाठवतो म्हणजे विषय संपला.

संध्याकाळ

घरी आलो तर लेक दाराआडचा कोपरा साफ करत होती. मला न विचारता छत्री जोर लावून मिटवायला गेली, तेव्हा घडीतून एक चिठ्ठी पडली. हॉस्पिटलच्या पार्किंगची. हिला असल्या चिठ्ठ्या कुठेही खोचायची सवय होती.

"सतरा मे," लेकीने वाचलं. "बाहेर, दोन एक्केचाळीस. बाबा, ही ठेवायची का?"

मी चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. ती म्हणाली, बस ना, पाणी देऊ का.

वादळात दाब हलला नाही असं होत नाही.

मला आता सगळं आठवतं. सकाळी आठला बॅरोमीटर पाहिला, ९६८.२. दहाला हॉस्पिटलमध्ये पोचायचं होतं. बाराची नोंद कोणाला तरी सांगून जायला हवी होती. शेजारच्या टेबलावर इलेक्ट्रॉनिक्सवाला होता, त्याने आनंदाने केली असती. पण त्याला सांगायचं म्हणजे कुठे चाललो ते सांगावं लागलं असतं, मग कोणाचं स्कॅन, कशासाठी. हवा छान होती. बारासमोर तोच आकडा लिहिला. मग वाटलं, चारपर्यंत परतलो नाही तर? चारसमोरही लिहिला. एका दमात, एकाच पेनाने. कंट्रोलरूमला खिडकी नाही, बाहेर वादळ झालं ते तिथे कोणाला कळलंही नसणार. मी साडेचारला ओल्या कपड्यांनी परत आलो आणि वहीकडे पाहिलं नाही.

नंतर एकदाही आठवलं नाही. याचंच नवल वाटतं.

६ सप्टेंबर

घरीच होतो. फोटो पाठवले नाहीत.

९ सप्टेंबर

कागदावर करून पाहिलं. दाब दहा मिलिबारने उतरला असेल तर रेघा साधारण सहा टक्क्यांनी गडद झाल्या असणार. म्हणजे त्या दिवसाचे काही तास आम्ही प्रोटॉन नसलेल्या कणांना प्रोटॉन धरत होतो, आणि बाकीचे तास नाही. दोन्ही एकत्र केले की कमीजास्ती वाढलेली दिसणारच. उंचवटा यायला एवढं पुरे आहे. सगळा नसेल, पण बराचसा.

फोटो पाठवले तर तीन सारखे आकडे पाहून कोणी काही म्हणणार नाही. दाब कधी कधी स्थिर असतो. तीस तारखेला निबंध जाईल, नाव राहील. चूक दोन वर्षांनी दुसरा एखादा प्रयोग दाखवून देईल, किंवा नाही देणार. सांगितलं तर सगळं पुन्हा करावं लागेल, महिने जातील. नऊ ऑक्टोबर निघून जाईल आणि हिचं नाव कुठेच नसेल. माझं असेल. चारशे नावांत माझं तसंच राहील.

दुपारी चिमणी पळत आली. तिला बाहेर नोकरीच्या मुलाखतीला बोलावलं आहे, निबंधाच्या जोरावर. "काका, मॅडम असत्या तर आज पेढे मागण्याऐवजी ओरडल्या असत्या. अजून एकदा तपासलंस का, म्हणून."

मी म्हटलं, हो.

"काय हो?"

"हो, ओरडली असती."

१२ सप्टेंबर

शंकासुराच्या खोलीत गेलो. प्रमुखांकडे जायचं ठरवून निघालो होतो, पाय तिकडे वळले. वही बगलेत होती.

खोली लहान आहे, कागदांनी भरलेली. ते खुर्चीत मोजे घातलेले पाय टेबलाखालच्या खोक्यावर ठेवून बसले होते. पाय काढले नाहीत. "बसा. ते कागद खाली ठेवा. नाही, त्या ढिगावर नको."

मी वही टेबलावर ठेवली. म्हटलं, सतरा मे.

त्यांनी वही उघडली नाही. चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "किती वाजता?"

"काय?"

"छत्री."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. हिचं पत्र होतं, मागच्या वर्षीच्या २१ सप्टेंबरचं. जायच्या अठरा दिवस आधीचं. मी तिथेच उतरवून घेतलं, तसंच इथे लिहितो.

'शंकासुरा, आपल्या पाचव्या टप्प्यात १७ मेच्या दाबात काहीतरी गडबड आहे. त्या दिवशी वादळ होतं, छत्री उलटून मी स्वतः भिजले आहे. दुसऱ्या दिवशी शिफ्टवर वही चाळली होती, आता आठवतं की तिन्ही आकडे सारखे होते. वादळ नेमकं किती वाजता आलं ते ह्याला तीनदा विचारलं, तो मला झोपायला सांगतो. माझ्याने झालं नाही तर तू विचार. पण वही त्याची आहे. त्याच्या तोंडून येऊ दे.'

मी दोनदा वाचलं. 'झोपायला सांगतो' इथे डोळे थांबत होते.

"मग जुलैत सरळ विचारायचं होतंत," मी म्हटलं. आवाज चढला असावा.

"विचारलं की. प्रश्न सात. तुम्ही लिहिलंत, विश्वसनीय आहेत. सहीसकट. पुढे मी काय करू? अक्षाच्या नावावर आलो."

"हवामान खात्याकडून आकडे मागवता आले असते."

त्यांनी खण ओढून एक कागद काढला. १७ मे, तासागणिक दाब. बाराला ९६४, दोनला ९६०, तीनला ९५७, मग चढत गेलेला. कागदाच्या कोपऱ्यात यंदाच्या जूनची तारीख होती.

"आणि मी आलोच नसतो तर?"

"तीस तारखेआधी मीच सांगितलं असतं. तसं जाऊ दिलं नसतं मी." पाय खोक्यावरून काढले. "तोवर ठिपक्यांचे रंग शिल्लक होते. स्वल्पविराम संपत आले होते."

मी हसलो नाही. तेही हसले नाहीत. चहा विचारला, मी घेतला. चहा अगदी वाईट होता.

उठताना म्हटलं, नाव जाईल तिचं.

"जाईल. त्या नियमाला मी विरोध केला होता. एका मताने हरलो." मग, "किती वाजता ते सांगितलं नाहीत तुम्ही."

"दोन एक्केचाळीसच्या जरा आधी."

त्यांनी ते कागदावर टिपून घेतलं.

१४ सप्टेंबर

चिमणीला घरी बोलावून सांगितलं. ती एवढा वेळ गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

मग म्हणाली, "काका, एक वर्ष. मी एक वर्ष त्या उंचवट्याला चारी बाजूंनी ठोकून बघत होते. वायूचं मी विचारलंसुद्धा नाही. का, तर वायू तुमच्याकडे आहे म्हणून."

"हो."

"आणि मॅडमनी मला का नाही सांगितलं? त्यांना सांगितलं, मला नाही?"

माझ्या मते हिला चिमणीसमोर माझी चूक काढायची नसेल, पण तसं म्हटलं असतं तर ते मोठेपणाचं वाटलं असतं. माफी मागितली. तिने ती घेतली असं वाटलं नाही. मुलाखतीचं काय होणार ते तीच सांगेल, मी विचारलं नाही.

मग तिने लॅपटॉप काढला, हिच्या खुर्चीत बसली, आणि म्हणाली, "हवामान खात्याचा कागद द्या." मला काही विचारलं नाही. लेकीने तिला चहा नेऊन दिला आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडे पाहिलं.

लेकीला काल रात्री जेवताना सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे आईला वेळ खरंच हवी होती." मला वाटलं होतं रागावेल.

२९ सप्टेंबर

सतरा मेचे तास दुरुस्त करून पाचवा टप्पा पुन्हा काढला. उंचवट्याचा तिसरा हिस्साच उरला, आणि त्याच्या अनिश्चिततेची रेघ त्याच्याहून उंच आहे. म्हणजे सीमा तिथे आहे असं म्हणता येत नाही. तिथे नाही असंही म्हणता येत नाही. सहा वर्षांनंतर हे. चिमणी म्हणते, आणखी टकरी हव्यात. ते तर पहिल्या दिवसापासून सगळेच म्हणतात.

पूर्ण निबंध नव्याने लिहायचा, तो जानेवारीच्या आधी जाणार नाही. प्रमुख म्हणाले की शेवटी आभारात हिचं नाव घालू, एक चांगलं वाक्य लिहू. मी म्हटलं, घाला. वायूच्या चुकीबद्दलचं वाक्यही त्यात हवं, कोणाची ते लिहून. त्यांनी विचारलं, कशाला? मी म्हटलं, नोंद आहे.

चिमणीची मुलाखत झाली. उंचवटा बुडाला हे तिने तिथे स्वतःहून सांगितलं. त्यांनी विचारलं, कोणाला सापडली चूक? "मॅडमना, म्हटलं मी. खोटं नाही ना, काका?"

खोटं नाही.

९ ऑक्टोबर

सकाळी लेकीबरोबर फुलं ठेवून आलो. परत येताना ती म्हणाली, छत्री टाकली हं मी. म्हटलं, बरं केलंस.

मग कामावर गेलो. दाबाची वही आता समितीने जपून ठेवायची आहे, त्याआधी दुरुस्ती मलाच करायची होती. शंकासुर साक्षीदार म्हणून आले, पायांत बूट घालून. मी बाराच्या ९६८.२ वर पट्टीने एक आडवी रेघ मारली, शेजारी ९६४.० लिहिलं. चारच्या आकड्यावर तशीच रेघ, शेजारी ९५८.५. एकवीस वर्षांतल्या पहिल्या दोन. जुने आकडे नीट वाचता येतात. चिठ्ठी पानाला चिकटवली.

कारणाचा रकाना बोटभर रुंद आहे. 'आकडा न पाहता लिहिला' एवढं नियमाला पुरतं. ते लिहिलं. पेन उचललं नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'बायकोसोबत हॉस्पिटलमध्ये होतो. कोणाला सांगितलं नव्हतं. छत्री दुपारी २:४१ च्या जरा आधी उलटली.' मग सही केली. शंकासुराने चष्मा लावून वाचलं आणि खाली सही केली. पहिल्यांदाच त्यांनी काही प्रश्न विचारला नाही.

ते गेले. सेन्सर आता चालू आहे, हाताने बघायची गरज नाही. पण बारा वाजत आले होते, म्हणून कॉरिडॉरमधल्या बॅरोमीटरपर्यंत चालत गेलो. वाटेत इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने विचारलं, आज उशिरा आलात, कुठे होतात? मी थांबून त्याला सांगितलं.

दाब ९७०.६.